सायरन बंद झाले, पण मी अजून पंचेचाळीसपर्यंत मोजतेय

नवगावची_लेक

शालोम, नमस्कार.

इथलं सगळं मी बरीच वर्षं नुसतं वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच. मी इस्रायलला अशदोदमध्ये राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागजवळ, माहेर ठाण्याचं. १९९० साली लग्न होऊन इथे आले, आता सत्तावन्नावं चालू आहे. घरात मी, माझे यजमान आणि चौऱ्याऐंशीच्या सासूबाई. मुलं आपापल्या घरी असतात. घरात अजून मराठीच बोलतो.

माझी अडचण अशी आहे की सायरन वाजत होते तेव्हा मी बरी होते. आता शांतता आहे आणि मी बरी नाही.

इथे शहराप्रमाणे सेकंद ठरलेले असतात. गाझाच्या हद्दीला खेटून असलेल्या स्देरोतला पंधरा, अश्कलोनला तीस, आम्हाला पंचेचाळीस, बेर शेवाला साठ. तेवढ्या वेळात आडोशाला जायचं. नव्या घरांत ममाद असते, म्हणजे काँक्रीटच्या जाड भिंतींची, लोखंडी दाराखिडकीची खोली. १९९१ च्या युद्धानंतर तसा कायदाच झाला. आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. ममाद नाही, आणि सार्वजनिक मिक्लात, म्हणजे सगळ्यांसाठीचा निवारा, रस्ता ओलांडून, शाळेच्या आवारात. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. तिथे पोचायला आम्हाला सहा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.

म्हणून आम्ही जिना ठरवला. तिसऱ्या मजल्यावरून नऊ पायऱ्या उतरून मधलं लँडिंग. मी मोजायचे, मोठ्याने, मराठीत. एक ते आठ सासूबाईंना खुर्चीतून उठवणं. वीसपर्यंत दार. दारात समोरचे रशियन आजोबा उभे असायचे, ते एक हात धरायचे, मी दुसरा. चाळीसला लँडिंग. तिथे खालच्या मोरोक्कन बाईने प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवून दिली होती, सासूबाईंसाठी. पंचेचाळीस म्हणेपर्यंत त्या बसलेल्या असायच्या आणि 'एलियाहू हन्नाबी' हे आमचं प्रार्थनागीत म्हणत असायच्या. घराची किल्ली त्यांच्याकडे, हे त्यांचं काम. एकदा गडबडीत मी किल्ली घेतली तर रागावल्या होत्या.

७ ऑक्टोबर २०२३ ला, शनिवारी सकाळी साडेसहाला, सणाच्या दिवशी हे सुरू झालं. पहिल्या काही आठवड्यांत किती वेळा उतरलो याचा हिशोब नाही. पुढे कमी झालं, मग कधी येमेनकडून क्षेपणास्त्र आलं की मध्यरात्री. जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवस युद्ध झालं तेव्हा सांगितलं की या क्षेपणास्त्रांपुढे जिना पुरेसा नाही. तेव्हा फोनवर काही मिनिटं आधी सूचना यायची. रशियन आजोबांचा नातू आणि आणखी एक मुलगा सासूबाईंना खुर्चीसकट उचलून मिक्लातमध्ये न्यायचे. शेवटी आम्ही तिथेच गाद्या टाकल्या. सासूबाई तिथल्या पोरांना मोडक्या हिब्रूत आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगायच्या. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, मग त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. पोरं रोज तीच गोष्ट मागायची, गलबत फुटतं तिथपासून.

हे सगळं मी केलं. एकदाही रडले नाही. शेजारणी म्हणायच्या, तू दगड आहेस.

आता ऐका. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली. त्यानंतर महिन्याभराने मला सुरू झालं. मोटरसायकल चालू होताना जो चढता आवाज येतो तो कानावर आला की मी जागच्या जागी मोजायला लागते. दुकानात, बसमध्ये, प्रार्थनेला बसलेली असतानासुद्धा. पंचेचाळीसला थांबते आणि हातांना घाम. अंघोळीला दोन मिनिटांच्या वर आत थांबवत नाही, केस धुवायचे असतील तर यजमानांना दाराबाहेर उभं करते. आणि कुकर. शिट्टी व्हायच्या आधी तो जो सूंऽऽ करून चढतो ना, तो मला सहन होत नाही. ठाण्याहून आणलेला पाच लिटरचा कुकर ऑक्टोबर २०२३ ला माळ्यावर गेला तो अजून तिथेच आहे. तेव्हा वाटलं होतं, शिट्टीत अझाका, म्हणजे सायरन, ऐकू यायची नाही म्हणून ठेवतेय. आज अझाका नाही तरी काढवत नाही. डाळ उघड्या पातेल्यात शिजवते, दीड तास.

१९९१ मध्ये मी नवी नवरी होते. तेव्हाही सद्दामची क्षेपणास्त्रं आली होती. खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल, तोंडावर गॅस मास्क. रेडिओवर लष्कराचे प्रवक्ते नाहमान शाय शांत आवाजात सांगायचे, पाणी प्या. ते संपलं आणि आम्ही प्लास्टिक फाडून काढलं आणि खरंच संपलं. पुन्हा कधी त्याचं स्वप्नही पडलं नाही. मग या वेळी असं का? इथल्या दवाखान्यात थेरपिस्टकडे नाव घातलंय, यादी चार महिन्यांची आहे. मनाला मराठीत बोलायचंय, हेही एक आहे. हिब्रूत सांगितलं की बातमी सांगितल्यासारखं होतं.

कुणी यातून गेलंय का? मी वेडी होत चाललेय का, हे सरळ सांगा.


मनोहर_लातूर

ताई, वेडी नाही. सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो.

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे, आता निवृत्तीच्या जवळ. शिकाऊ होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढचं वर्षभर मी औसा तालुक्यात होतो. युद्ध मी पाहिलेलं नाही. पण जमीन पुन्हा पुन्हा हलते तेव्हा माणसाचं काय होतं ते पाहिलंय, आणि तुमच्या लिहिण्यात ते ओळखीचं वाटलं.

धोका चालू असतो तेव्हा शरीर भीती बाजूला ठेवून कामाला लागतं. तुमच्याकडे काम होतं, ठरलेलं, मोजलेलं. सासूबाईंना नऊ पायऱ्या उतरवायच्या होत्या. ज्याच्या हाताला काम असतं तो त्या घटकेला कोसळत नाही. तुमच्याच देशात उत्तरेला तेल हाय महाविद्यालयात मोशे फार्ची यांनी यावरच प्रथमोपचाराची पद्धत बांधली आहे. घाबरून गोठलेल्या माणसाला कुरवाळत बसू नका, त्याला छोटं काम द्या, साधे प्रश्न विचारा, दोनातलं एक निवडायला सांगा. सासूबाईंच्या हातात किल्ली देऊन तुम्ही तेच केलंत, कुणी न शिकवता. किल्ली हिरावली म्हणून त्या रागावल्या, ते फार बरोबर होतं त्यांचं.

पण त्या पद्धतीत शेवटचा भाग असतो तो तुमच्या बाबतीत राहून गेला असं मला वाटतं. माणसाला घटनेचा क्रम सांगायचा असतो. सायरन वाजला, तुम्ही उठलात, जिना उतरलात, दहा मिनिटं बसलात, आवाज झाले, आता ते संपलं आहे. हे 'संपलं' शब्दात सांगावं लागतं, नाहीतर शरीर पहाऱ्यावरच राहतं. १९९१ मध्ये तुम्ही प्लास्टिक फाडलंत. ते हातांनी केलेलं 'संपलं' होतं. या वेळी दोन वर्षं थांबून थांबून चालू राहिलं, शेवट कुठला ते कुणालाच कळलं नाही. शांत महिना आला तरी शरीर म्हणणार, मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

लोक म्हणतात सवय होते. याबद्दल थोडं बोलतो, कारण या शब्दाने माणसं स्वतःला फार दोष देतात. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर ओळीनं ५७ रात्री बॉम्ब पडले. आधी सरकारला धास्ती होती की मनोरुग्णांची रीघ लागेल, तशी तयारीही होती. रीघ लागली नाही. यावरून 'माणूस चिवट' एवढंच सांगितलं जातं. पण जॉन मॅककर्डी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तेव्हाच वेगळं टिपलं होतं. ज्यांच्यापासून बॉम्ब दूर पडला ते प्रत्येक वेळी जास्त निर्धास्त झाले, ज्यांच्या अगदी जवळ पडला ते हादरले ते हादरलेच. एकाच गल्लीत दोन्ही. म्हणून शेजारीण निर्धास्त आणि मी का नाही, ही तुलनाच करू नका. आणि १९९१ च्या तुमच्या त्या युद्धात इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत हजाराच्या वर माणसं आली, त्यात प्रत्यक्ष जखमी अडीचशेच्या आत होते. बाकीचे भीतीने आलेले, किंवा विषारी वायूवरचं इंजेक्शन गरज नसताना टोचून घेतलेले. तेही तुमच्यासारखेच धडधाकट लोक होते.

आता तुमच्या मोजण्याबद्दल. ते बंद करायचा प्रयत्न करू नका. तुम्ही पंचेचाळीसला थांबता, तिथेच मला अडकलेलं दिसतं. पंचेचाळीस म्हणजे धोक्याची कमाल घटका. पण नियम काय होता? आडोशाला दहा मिनिटं थांबायचं आणि मग बाहेर यायचं. दहा मिनिटं म्हणजे सहाशे. तुम्ही सहाशे कधी मोजलेत का? आता मोटरसायकलचा आवाज आला की मोजा, पण पंचेचाळीसला थांबू नका. पुढे जा. शेहेचाळीस, सत्तेचाळीस. पाचशेच्या पुढे मन कंटाळेल, आणि तो कंटाळा तुमच्या कामाचा आहे. सहाशे झालं की मोठ्याने मराठीत म्हणा, संपलं, वर जाऊ या.

कुकरसाठी किल्लारीकडच्या एका म्हाताऱ्याचं सांगतो. नवं घर बांधून मिळालं तरी तो छपराखाली झोपेना. थंडीत बाहेर खाट. घरच्यांनी समजावलं, रागावले, काही उपयोग नाही. मग त्याने स्वतःच खाट उंबऱ्याला लावली. पुढच्या आठवड्यात पायथा आत, उशी बाहेर. मग दर चार-आठ दिवसांनी हातभर आत. रंगपंचमीपर्यंत खाट मागच्या भिंतीला होती. मी तिथे काहीही शिकवलं नाही, बघत होतो फक्त. तुम्हीही कुकर माळ्यावरून काढून आधी नुसता ओट्यावर ठेवा. चार दिवस राहू दे तिथे. मग यजमानांना लावायला सांगा, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा. भीती चढेल. पळू नका, ती उतरेपर्यंत थांबा. चढलेली भीती उतरते हे शरीराला स्वतःला बघू दे.

थेरपिस्टच्या यादीतलं नाव काढू नका. तोवर तुमच्याकडे एरान आणि नाताल या संस्थांच्या फोनसेवा आहेत, नाताल तर १९९८ पासून युद्ध आणि हल्ल्यांतून आलेल्यांसाठीच काम करते. झोप पार उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर चार महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.


हजेरीवाला

ताई, मी बीडचा. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये खारकीवला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होतो. २४ फेब्रुवारीला पहाटे पाचच्या सुमारास पहिला धमाका, तेव्हापासून सहा रात्री होस्टेलच्या तळघरात. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप, खाली सिमेंट. बाकीचे मेट्रो स्टेशनात झोपले होते.

आमच्या तळघरात त्रेसष्ट पोरं होती. दुसऱ्या दिवशी एक जण न सांगता वर चार्जर आणायला गेला आणि अर्धा तास सापडेना. त्या अर्ध्या तासात मी जे अनुभवलं ते धमाक्यांनी झालं नव्हतं. तेव्हापासून मी वहीत हजेरी घ्यायला लागलो. सकाळी आठ, रात्री आठ. नाव घ्यायचं, 'हजर' ऐकायचं, टिक करायची. फक्त 'ओ' म्हटलं तर चालणार नाही, 'हजर' म्हणा, असा नियम केला. पोरं कुरकुरली, पण तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला तर तीच विचारायला लागली, हजेरी कधी. १ मार्चला किराणाच्या रांगेत कर्नाटकचा आपलाच एक विद्यार्थी गेला. तो आमच्या तळघरातला नव्हता. त्या रात्री हजेरीला कुणाचाच आवाज नीट फुटला नाही, पण त्रेसष्ट टिक झाल्या.

२ मार्चला दूतावासाची सूचना आली की संध्याकाळी सहाच्या आत कसंही करून खारकीव सोडा. स्टेशनवर गाड्यांत जागा मिळेना, मग पिसोचिनपर्यंत दहा-अकरा किलोमीटर चालत, बर्फात. वाटेत दोनदा थांबून हजेरी घेतली.

घरी आल्यावर तुमच्यासारखंच झालं. सगळे म्हणायचे सुटलास, आता मोकळा झालास. मला रात्री आठला अस्वस्थ व्हायचं. कारण समजायला दोन महिने गेले. हजेरीची वेळ व्हायची आणि घ्यायला कुणी नसायचं. त्या दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि मी पलंगाखाली होतो, आई पणती घेऊन दारात उभी. तिने काही विचारलं नाही. पणती खाली ठेवली आणि ती पण खाली बसली, पलंगाशेजारी, फरशीवर. फटाके संपेपर्यंत बसून होती.

मनोहर सरांनी म्हटलं तसं 'संपलं' मला कुणी सांगितलं नाही, मीही स्वतःला सांगितलं नाही. आता डिग्री दुसऱ्या देशातून पूर्ण झाली, इथे इंटर्नशिप चालू आहे. दर २४ फेब्रुवारीला रात्री आठला आमच्या ग्रुपवर मी नावं टाकतो आणि पोरं 'हजर' लिहितात. मागच्या वेळी एकसष्ट आले. दोघांना मी फोन केला, ड्युटीवर होते.

बूट अजून पलंगाजवळ, टोकं दाराकडे करून ठेवतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही म्हणून तसंच ठेवलंय.


गिरगावची_आजी

१९७१ च्या डिसेंबरात मी विशीत होते. मुंबईत ब्लॅकआऊट असायचा. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले. चौदा दिवसांचं ते युद्ध, आमच्या चाळीवर काही पडलं नाही. तरी एक सांगते. आमच्या मजल्यावरच्या एक बाई त्यानंतर कितीतरी वर्षं रात्री दिवा लावायच्या आधी खिडकी बंद करायच्या, भर उन्हाळ्यात. मुलं चिडायची. माझी आई म्हणायची, करू दे तिला, खिडकीच लावतेय ना. मग एक दिवस त्या लावायच्या विसरल्या आणि कुणी आठवण करून दिली नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची गोष्ट मलाही ऐकायची आहे.


पौर्णिमा_पुणे

ताई, तुमचं दुःख खरं आहे आणि मी ते वाटून घेते. तरी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नका.

माझ्याबरोबर पुण्यात एम. ए.ला गाझातल्या खान युनिसचा एक मुलगा होता. २००८ च्या शेवटी गाझावर हल्ले सुरू झाले तेव्हा तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवणात त्याचं लक्ष नसायचं. फोन लागला की आईला एकच विचारायचा, घरात किती जण आहात. नंतर तो परत गेला, शाळेत गणित शिकवायला लागला. आता घर राहिलेलं नाही, अल-मवासीला तंबूत आहे. माझ्या फोनवर त्याच्या नावापुढे दोन टिक दिसल्या की मी समजते.

तिथे सेकंद ठरलेले नाहीत, ताई. सायरन नाही, ममाद नाही, मिक्लात नाही. डोक्यावर ड्रोन असतो, त्याच्या घरघरीला ते 'झनाना' म्हणतात. ती थांबली तर जास्त भीती वाटते असं तो म्हणायचा. त्याने मला सांगितलं की काही घरं रात्री सगळ्यांना एकाच खोलीत झोपवतात, म्हणजे गेलो तर सगळे एकदम, मागे कुणी एकटं नको. आणि काही घरं मुलं वाटून देतात, एक मामाकडे, एक काकाकडे, म्हणजे कुणीतरी उरेल. याच दोन गोष्टींवर त्याचं आणि त्याच्या भावाचं भांडण झालं होतं. कोण बरोबर होतं ते मी आजही सांगू शकत नाही.

तिथेही या कामाची माणसं होती. एयाद अल-सर्राज यांनी १९९० मध्ये गाझात मानसिक आरोग्याचं केंद्र सुरू केलं होतं. समाह जब्र या पॅलेस्टिनी मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की 'आघातानंतरचा' विकार हा शब्दच आम्हाला लागू पडत नाही, कारण आघात संपून 'नंतर' कधी येतच नाही. मनोहरकाका म्हणतात ते 'संपलं' तिथे कुणी कुणाला सांगायचं? युनिसेफने २०२४ मध्येच म्हटलं होतं की गाझातल्या जवळपास सगळ्या मुलांना, म्हणजे दहा लाखांहून जास्त मुलांना, मानसिक आधाराची गरज आहे.

माझा मित्र तंबूत मुलांना पाढे शिकवतो. खडू नाही, वाळूवर बोटाने. त्याने मागे लिहिलं होतं, सतराचा पाढा मुद्दाम घेतो, कारण तो म्हणताना दुसरं काही डोक्यात राहू शकत नाही.


नवगावची_लेक

पौर्णिमा, तुमचं वाचून मी चार दिवस काही लिहिलं नाही. राग आला म्हणून नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

अशदोदहून गाझा शहर पस्तीसेक किलोमीटर. ठाण्याहून चर्चगेट तेवढंच. रात्री आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि ते आमच्यावर पडत नाहीये हे आम्हाला माहीत असायचं. सासूबाई एकदा अंधारात म्हणाल्या, तिथे पण कुणी म्हातारी असेल गं, तिला कोण उचलतं? मी झोपल्याचं सोंग घेतलं. माझा धाकटा तेव्हा मिलुईमला, म्हणजे राखीव सैन्यात बोलावलेला होता. आल्यावर तो सोफ्यावर दाराकडे तोंड करून झोपायचा. त्याने काय पाहिलं ते तो बोलत नाही. मी विचारलेलं नाही. आज वाटतं, मी दगड होते ते फक्त सायरनपुरतं नव्हतं. हेही सगळं आत न येऊ द्यायला मी दगड झाले होते. कुकर हे त्यातलं एक झालं. तुमच्या मित्राच्या नावापुढे दोन टिक येत राहोत. हे मी मनापासून लिहितेय.

मनोहरभाऊ, सहाशे मोजलं. पहिल्यांदा बसस्टॉपवर, एकशे नव्वदला बस आली आणि मी चढून आत मोजत राहिले. चारशेच्या आसपास आकडे चुकले, पुन्हा मागून घेतले. सहाशेला मी मोठ्याने 'संपलं, वर जाऊ या' म्हटलं तर शेजारच्या बाईने हिब्रूत विचारलं, काही हवंय का? त्या दिवशी हाताला घाम होता. पाचव्या-सहाव्या वेळेपासून तीनशेच्या पुढे मनात भाजीचे विचार यायला लागलेत. अजून प्रत्येक वेळी नाही.

हजेरीवाल्या बाळा, तुझ्या आईला सांग की ती फरशीवर बसली ते मी माझ्या यजमानांना वाचून दाखवलं. आता मी केस धुताना ते दाराबाहेर उभे नसतात, स्टूल घेऊन बसतात. उभं राहून त्यांचे गुडघे दुखत होते, मला कधी सुचलंच नव्हतं.

कुकर काढला. आठ दिवस नुसता ओट्यावर होता. रबर कडक होऊन फाटलं होतं, नवीन इथल्या भारतीय दुकानात मिळालं. काल यजमानांनी तूरडाळ लावली. मी दारात, सासूबाई त्यांच्या खुर्चीत स्वयंपाकघराच्या मधोमध. त्यांनी स्वतःच तिथे खुर्ची ठेवायला सांगितली आणि घराची किल्ली मागून घेतली. सूंऽऽ सुरू झालं तेव्हा मी चौकट धरली आणि मोजायला लागले. बावीसला शिट्टी झाली. यजमानांनी माझ्याकडे बघून गॅस बंद केला. मी मोजत होतेच. दोनशे सदतीसला सासूबाई म्हणाल्या, एका शिट्टीत तूर शिजते का कधी? पुन्हा लाव.

तर त्यांनी पुन्हा लावला. आणखी दोन घेतल्या. दुसऱ्या शिट्टीला मी दारातून आत एक पाऊल होते, तिसरीला बाहेर गेले, जिन्यापर्यंत. तिथून परत आले. डाळ शिजली होती.

मनोहरभाऊ, एवढं विचारायचं होतं की तिसऱ्या शिट्टीला मी बाहेर गेले ते मोडलं धरायचं का? की उद्या पुन्हा पहिल्या शिट्टीपासून घ्यायचं?